मज्जातंतूंच्या वेदनेवर कॅनाबिनॉइड नेमके कुठे आणि कसे काम करतात?

औषधजिज्ञासू:

नमस्कार मंडळी,

मधुमेहातली तळपायांची आग, नागीण बरी झाल्यावर मागे उरणारं दुखणं, केमोथेरपीनंतरच्या मुंग्या, मल्टिपल स्क्लेरोसिसमधली किंवा मज्जारज्जूच्या इजेनंतरची वेदना, ही सगळी न्यूरोपॅथिक वेदनेची रूपं. इजा बोटाला नसते, बोटाची खबर वर नेणाऱ्या तारेलाच असते. या वेदनेवर गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन कॅल्शियम चॅनेलच्या अल्फा-२-डेल्टा भागाला चिकटून काम करतात, ॲमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन मेंदूकडून खाली येणारा वेदनारोधक मार्ग बळकट करतात, इथवर समजलं आहे.

अडतंय ते कॅनाबिनॉइडपाशी, म्हणजे गांजातल्या टीएचसी (नशा आणणारं) आणि सीबीडी (नशा न आणणारं) यांसारख्या द्रव्यांपाशी. "सीबी१ रिसेप्टर सक्रिय होतो आणि वेदना कमी होते" एवढ्या एका ओळीत बहुतेक ठिकाणी विषय आटोपतात. पण सीबी१, म्हणजे कॅनाबिनॉइड ज्याला चिकटतात तो पेशीवरचा ग्राहक, तर मेंदूत सगळीकडे पसरलेला आहे. मग वेदना कमी होते ती कुठे? त्वचेतल्या टोकाला, मज्जारज्जूत की मेंदूत? अफूवर्गातल्या औषधांपेक्षा हा मार्ग वेगळा कसा? उंदरांमध्ये इतका ठळक दिसणारा परिणाम माणसांत फिका का पडतो? आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध सुरू करायचं तर मात्रा कशी वाढवतात, कुठे चुकतं? दावे पुष्कळ वाचून झाले, आता यंत्रणा आणि आकडे हवे आहेत.

पृष्ठशृंग:

मात्रेचं इतर कोणी लिहीलच, मी यंत्रणेबद्दल लिहितो.

सायनॅप्समध्ये, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यात, निरोप साधारणपणे एकाच दिशेने जातो. अलीकडची चेतापेशी रसायन सोडते, पलीकडची ते झेलते. शरीरात तयार होणारे कॅनाबिनॉइड, म्हणजे आनंदामाइड आणि २-एजी, मात्र उलटे चालतात. पलीकडच्या पेशीवर ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा मारा वाढला की तिच्यात कॅल्शियम चढतं. त्यामुळे डीएजी लायपेज हे एन्झाइम जागं होतं आणि पेशीपटलातल्याच स्निग्ध द्रव्यापासून २-एजी बनवतं. हा माल आधी बनवून पुटिकांमध्ये भरून ठेवलेला नसतो. गरज पडेल तेव्हा, पडेल तिथेच तो तयार होतो. मग तो मागे सरकून अलीकडच्या पेशीच्या टोकावरच्या सीबी१ला चिकटतो आणि "पुरे" असा निरोप देतो. सायनॅप्समधली ही उलटी वाहतूक २००१मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी दाखवून दिली.

"पुरे" म्हटल्यावर घडतं ते असं. सीबी१ हा जीआय/ओ प्रकारच्या जी-प्रोटीनशी जोडलेला आहे. तो सक्रिय झाला की टोकावरचे एन आणि पी/क्यू प्रकारचे कॅल्शियम चॅनेल नीट उघडत नाहीत. कॅल्शियम आत आलं नाही की पुटिका फुटत नाहीत, आणि ग्लुटामेट, सबस्टन्स पी, सीजीआरपी हे वेदनेचे वाहक कमी सुटतात. शिवाय पोटॅशियम चॅनेल उघडून पेशी शांत होते आणि आतलं सायक्लिक एएमपी घटतं. काम झाल्यावर एमएजीएल हे एन्झाइम २-एजी मोडून टाकतं, तर आनंदामाइडची विल्हेवाट एफएएएच लावतं. सगळा खेळ काही सेकंदांचा, आणि त्या एका सायनॅप्सपुरता.

टीएचसीचं तसं नाही, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. शरीर स्वतः जो ब्रेक लावतं तो नेमक्या तापलेल्या चाकाला आणि क्षणभर लागतो. टीएचसी रक्तातून येतं, सगळ्या चाकांना एकदम लागतं आणि तासन् तास लागून राहतं. वेदनेच्या वाटेवरचा सीबी१ आणि स्मरणशक्ती, तोल, हृदयगती, चिंता यांच्या वाटेवरचा सीबी१ यांत त्याला फरक करता येत नाही. पुढे मात्रेचे जे प्रश्न येतील त्यांतले निम्मे तरी इथून निघतात.

आता "कुठे" या प्रश्नाकडे. उत्तर चार ठिकाणी आहे.

पहिलं, परिघावर. वेदनावाहक चेतापेशींची शरीरं मज्जारज्जूलगतच्या डॉर्सल रूट गँग्लियात असतात. सीबी१ तिथे बनतो आणि तिथून दोन्ही टोकांकडे पाठवला जातो. ज्या उंदरांमध्ये फक्त या परिघीय वेदनापेशींमधला सीबी१ काढून टाकला होता आणि मेंदूतला तसाच ठेवला होता, त्यांच्यात बाहेरून दिलेल्या कॅनाबिनॉइडचा वेदनाशामक परिणाम बराचसा नाहीसा झाला. हा प्रयोग २००७चा. "आराम मिळतो तो केवळ नशेमुळे" या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला.

दुसरं, मज्जारज्जूचं डॉर्सल हॉर्न, म्हणजे त्याचा पाठीकडचा भाग. परिघाकडून आलेली तार इथे पुढच्या पेशीला निरोप देते. तारेला इजा झाल्यावर ती कारण नसताना स्वतःहून ठिणग्या टाकत राहते. पुढच्या पेशीवर ग्लुटामेटचा सतत मारा होतो, ग्लुटामेट झेलणारे एनएमडीए रिसेप्टर उघडतात आणि पेशी हळवी होऊन बसते. मग नुसतं पांघरूण लागलं तरी आग होते, त्यालाच ॲलोडायनिया म्हणतात. सीबी१ हा मारा उगमापाशीच कमी करतो. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या इथे तोकड्या पडतात, कारण त्या प्रोस्टाग्लँडिन अडवतात आणि इथे मूळ भानगड प्रोस्टाग्लँडिनची नाहीच.

तिसरं, मध्यमेंदूतला पीएजी हा भाग. इथून निघालेला मार्ग मेड्युलातून खाली मज्जारज्जूत येऊन वेदनेचं दार ओढून घेतो. एरवी या मार्गावर गाबा हे शांत करणारं रसायन सोडणाऱ्या छोट्या पेशींचा पहारा असतो. त्यांच्या टोकांवर सीबी१ आहे. कॅनाबिनॉइड आला की गाबा कमी सुटतो, पहारा ढिला पडतो आणि खालचा मार्ग मोकळेपणी काम करू लागतो. इथे ब्रेक लागतो तो दुसऱ्या ब्रेकवर, म्हणून परिणाम उलटा दिसतो.

चौथं, अमिग्डाला (भावनांशी निगडित मेंदूचा भाग) आणि कपाळामागचा मेंदू. हे ठिकाण लोक विसरतात. २०१३मध्ये ऑक्सफर्डच्या एका गटाने १२ निरोगी पुरुषांना तोंडावाटे १५ मिलिग्रॅम टीएचसी देऊन त्वचेवर कॅप्सायसिनने, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याने, आग निर्माण केली आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. वेदनेची तीव्रता सरासरीने फारशी बदलली नाही, तिचा त्रासदायकपणा मात्र कमी झाला. हा बदल माणसागणिक वेगळा होता आणि अमिग्डालातल्या हालचालीशी जुळत होता. "दुखतंय, पण खात नाहीये" असं वर्णन ऐकायला मिळतं त्याचा अर्थ इथे लागतो.

अफूवर्गाशी फरक म्हणाल तर मज्जातंतूला इजा झाल्यावर डॉर्सल रूट गँग्लियातले म्यू ओपिऑइड रिसेप्टर घटतात, म्हणून मॉर्फिनची पकड ढिली होते. सीबी१ मात्र मज्जारज्जूतल्या आतल्या पेशींवरही भरपूर असल्याने इजेनंतर बराच शाबूत राहतो. दुसरा फरक सुरक्षिततेचा. श्वास चालवणाऱ्या मेंदूकांडातल्या केंद्रांत सीबी१ची घनता फारच कमी आहे, त्यामुळे मॉर्फिनसारखा श्वास मंदावण्याचा धोका टीएचसीत एकट्याने दिसत नाही. मात्र झोपेच्या गोळ्या किंवा ओपिऑइड सोबत असतील तर गुंगी एकावर एक चढते, तेव्हा हा दिलासा पुरेसा मानू नये.

औषधजिज्ञासू:

पृष्ठशृंग, मनापासून आभार. पीएजीचा मुद्दा पहिल्यांदाच नीट कळला. दोन उपप्रश्न. दुसरा कॅनाबिनॉइड रिसेप्टर, सीबी२, त्याचं काय? आणि सीबीडी जर सीबी१ला नीट चिकटतच नाही, तर त्याचं नाव वेदनेशी का जोडलं जातं?

पृष्ठशृंग:

सीबी२ मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतो. निरोगी मज्जारज्जूत तो जेमतेम सापडतो, पण मज्जातंतूला इजा झाली की मायक्रोग्लिया, म्हणजे मज्जासंस्थेतल्या रोगप्रतिकारक पेशी, जाग्या होतात आणि त्यांच्यावर तो वाढतो. या जाग्या झालेल्या मायक्रोग्लिया टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१-बीटा आणि बीडीएनएफ ही प्रथिनं सोडतात. यातला बीडीएनएफ फार घातक. त्यामुळे डॉर्सल हॉर्नमधल्या चेतापेशींवरचा केसीसी२ हा क्लोराइड बाहेर काढणारा पंप कमी होतो. आत क्लोराइड साचलं की गाबा पेशीला पूर्वीसारखं शांत करू शकत नाही. ब्रेकचं पेडल दाबलं जातं पण चाक थांबत नाही, अशी अवस्था. सीबी२ सक्रिय केला तर प्राण्यांमध्ये मायक्रोग्लियाची ही धग कमी होते, तीही नशेशिवाय. कागदावर हे लक्ष्य फार सुंदर आहे. पण निव्वळ सीबी२वर काम करणारं एकही औषध वेदनेसाठी अजून रुग्णांच्या हाती आलेलं नाही.

सीबीडी सीबी१च्या मुख्य खाचेत बसत नाही. उलट बाजूच्या जागेवर बसून टीएचसीची पकड किंचित सैल करतो. त्याची खरी कामं इतरत्र आहेत: टीआरपीव्ही१ या वेदनापेशींवरच्या चॅनेलला चेतवून मग बधिर करणं (कॅप्सायसिनचं मलम त्याच दारातून काम करतं), ५-एचटी१ए हा सेरोटोनिनचा रिसेप्टर, मज्जारज्जूतला ग्लायसिन रिसेप्टर. यादी लांब आहे आणि तीच अडचण आहे. यातले बरेच परिणाम काचेच्या तबकडीत जितक्या सांद्रतेला दिसतात, तितकी सांद्रता तोंडावाटे घेतलेल्या २०-३० मिलिग्रॅमने शरीरात येत नाही. अपस्मारात सीबीडीचा उपयोग सिद्ध झाला आहे, पण तिथली मात्रा दिवसाला दर किलो वजनामागे १० ते २० मिलिग्रॅम असते. ६० किलोच्या माणसाला ६०० ते १,२०० मिलिग्रॅम. बाटलीतल्या चार थेंबांशी याची तुलनाच नको.

आकडेवाचक:

सीबीडीबद्दल आणखी एक. २०२४मध्ये वेदनेवरच्या सीबीडीच्या १६ नियंत्रित चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यातल्या १५मध्ये प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली मात्रेपेक्षा, जास्त फायदा आढळला नाही. आणि बाटलीवर लिहिलेलं बाटलीत असेलच असंही नाही. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७मध्ये अमेरिकेत झाली. लेबलाशी जुळणारं प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांमध्येच होतं आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. "नशा नसलेलं" म्हणून घेतलेल्या तेलाने गाडी चालवताना गुंगी आली तर कारण इथे शोधावं.

आता माणूस आणि उंदीर यातल्या तफावतीकडे. मला चार कारणं दिसतात आणि पहिलं सगळ्यात जड आहे.

उंदराची वेदना मोजतात ती पंजा मागे घेण्यावरून. जास्त मात्रेत कॅनाबिनॉइड उंदराची हालचालच मंदावतात, शरीराचं तापमान उतरवतात आणि त्याला ताठरून ठेवतात. औषधाचा वर्ग ओळखण्यासाठी हीच चौकडी वापरतात: मंद हालचाल, थंड अंग, ताठरलेपण, वेदनाशमन. म्हणजे पंजा न हलवणारा उंदीर वेदनामुक्त आहे की नुसता हलत नाहीये, हे वेगळं करायला फार काळजीपूर्वक प्रयोग आखावा लागतो. जुन्या कामात ती काळजी सगळीकडे घेतलेली नाही.

दुसरं, प्राण्यांत बहुधा विन ५५,२१२-२ किंवा सीपी ५५,९४० यांसारखे सीबी१ पूर्ण ताकदीने चालवणारे पदार्थ वापरतात. टीएचसी हा अर्धवट चालवणारा, आणि माणसाला सोसेल इतकीच मात्रा देता येते. तिसरं, उंदराला एकच ठरावीक इजा केलेली असते, तर चाचणीतल्या रुग्णांमध्ये कोणाला मधुमेह, कोणाला नागीण, कोणाला दहा वर्षं जुनी इजा. चौथं, चाचणीतला आंधळेपणा, म्हणजे औषध मिळतंय की प्लासिबो हे रुग्णाला न कळणं, टिकत नाही. टीएचसी घेतलेल्याला ते जाणवतं, आपण कोणत्या गटात आहोत हे त्याला कळतं आणि अपेक्षेने आकडे फुगतात.

या पार्श्वभूमीवर २०१८चा, अनेक चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन आढावा वाचा. १६ चाचण्या, १,७५० रुग्ण, सगळे जुनाट न्यूरोपॅथिक वेदनेचे. वेदना निम्म्याने किंवा अधिक कमी झालेले रुग्ण औषधगटात २१ टक्के, प्लासिबोत १७ टक्के. आढाव्याच्या एकत्रित (भारित) हिशेबाने एका जास्तीच्या रुग्णाला एवढा आराम मिळण्यासाठी २० जणांना औषध द्यावं लागतं. ३० टक्के आरामाची पट्टी धरली तर ३९ विरुद्ध ३३, आणि त्याच हिशेबाने ११ जणांमागे एक. चक्कर, गुंगी, गोंधळ यांसारखे मज्जासंस्थेचे दुष्परिणाम ६१ टक्के विरुद्ध २९, म्हणजे दर तिघांमागे एक जास्तीचा. दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे १० टक्के विरुद्ध ५.

तुलनेसाठी २०१५च्या मोठ्या विश्लेषणातले "किती जणांमागे एक" हे आकडे: ट्रायसायक्लिक (ॲमिट्रिप्टिलिनचा वर्ग) ३.६, ड्युलोक्सेटिनचा वर्ग ६.४, गॅबापेंटिन ७.२, प्रीगॅबालिन ७.७. त्याच विश्लेषणाने न्यूरोपॅथिक वेदनेत कॅनाबिनॉइड वापरू नयेत अशी, सौम्य का होईना, शिफारस केली होती. वेदना अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१मध्ये सर्वसाधारण वापराला पाठिंबा दिला नाही. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तज्ज्ञगटाने मात्र, नेहमीचे उपचार पुरे पडत नसतील तर धूर किंवा वाफेवाचून घेण्याचा प्रकार आजमावून पाहायला हरकत नाही, अशी तितकीच सौम्य शिफारस केली. पुरावा तोच, वाचन वेगळं. मला दुसरं मत जास्त व्यवहार्य वाटतं, पण "नेहमीचे उपचार पुरे पडत नसतील तर" ही अट गाळून ते उद्धृत करू नये. नॅबिलोन (टीएचसीसारखं कृत्रिम औषध) आणि डायहायड्रोकोडीन (अफूवर्गातलं) यांची समोरासमोर तुलना २००८मध्ये झाली, ९६ रुग्णांत. त्यात डायहायड्रोकोडीन थोडं सरस ठरलं आणि दुष्परिणामही त्याचेच कमी निघाले, हेही नोंदवून ठेवतो.

एक गोष्ट मात्र कॅनाबिनॉइडच्या बाजूने सांगायला हवी. थोड्या दिवसांच्या, नीट आखलेल्या वाफेच्या चाचण्यांत कमी मात्रा जवळजवळ जास्त मात्रेइतकीच चालली. २०१३च्या एका चाचणीत ३९ रुग्णांना १.२९ टक्के आणि ३.५३ टक्के टीएचसी असलेली वनस्पती वाफेतून दिली. "किती जणांमागे एक" हा आकडा अनुक्रमे ३.२ आणि २.९ आला. पण चाचणी लहान आणि परिणाम काही तासांचा, त्यामुळे हे आकडे वरच्या २० आणि ११शी सरळ जोडून पाहू नयेत.

अर्धायुष्य:

शेवटच्या परिच्छेदाला जोडूनच. "जास्त घेतलं तर जास्त आराम" ही इथली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. २००७चा एक प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेखाली कॅप्सायसिन टोचून त्यांना २, ४ आणि ८ टक्के टीएचसीचा धूर दिला. २ टक्क्यांनी काही फरक पडला नाही, ४ टक्क्यांनी ४५ मिनिटांनी वेदना कमी झाली, ८ टक्क्यांनी वाढली. मोठ्या मात्रेत ब्रेक गाबाच्या टोकांनाही लागतो आणि ग्लुटामेटच्याही, वर चिंता आणि धडधड. पृष्ठशृंग यांनी सांगितलेली "सगळ्या चाकांना एकदम" ही अडचण ती हीच.

खालचं सगळं डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, प्रमाणित औषधाला लागू आहे आणि कायद्याने परवानगी असेल तिथेच. घरी बनवलेल्या तेलात दर थेंबामागे किती मिलिग्रॅम आहे हे कळत नाही, त्यामुळे त्यावर मात्रा बसवता येत नाही.

आधी खात्री करा की वेदना खरोखर न्यूरोपॅथिक आहे. डीएन४ प्रश्नावलीत १० पैकी ४ किंवा अधिक गुण आले तर तसा अंदाज धरतात. आग, बोचरी थंडी, करंट बसल्यासारख्या चमका, मुंग्या, टाचण्या, बधिरपणा, खाज, स्पर्श कमी जाणवणं, टोचणी कमी जाणवणं, नुसत्या ब्रशने दुखणं, असे दहा मुद्दे त्यात आहेत. गुडघ्याच्या झिजेचं दुखणं या औषधाने जाईल या आशेने सुरू केलेले उपचार मूळ निदानापाशीच चुकलेले असतात.

मग सुरू करण्याआधीचा एक आठवडा नुसती नोंदवही. रोज त्याच वेळी ० ते १० वर सरासरी वेदना, रात्री किती वेळा जाग आली, आणि एक ठरावीक काम, समजा किती मिनिटं उभं राहता आलं. हा आठवडा टाळला की पुढे "बरं वाटतंय" एवढंच हाती राहतं. अर्थपूर्ण फरक म्हणजे निदान २ गुण किंवा ३० टक्के.

मार्गावरून वेळापत्रक ठरतं. श्वासावाटे घेतलेलं टीएचसी काही मिनिटांत चढतं आणि २ ते ४ तासांत ओसरतं. तोंडावाटे घेतलेलं ३० ते ९० मिनिटांनी जाणवू लागतं, २ ते ४ तासांनी शिखरावर जातं आणि ६ ते ८ तास, कधी जास्तही टिकतं. गिळलेल्यापैकी रक्तात पोचतो तो जेमतेम ४ ते १२ टक्के, बाकी यकृतात खर्ची पडतं. तिथेच ११-हायड्रॉक्सी-टीएचसी तयार होतं आणि तेही मेंदूत शिरून काम करतं. म्हणून गोळीची नशा वाफेपेक्षा वेगळी आणि लांबलचक. इथली ठरलेली चूक: तासाभरात काही वाटलं नाही म्हणून दुसरी मात्रा, आणि मग तिसऱ्या तासाला दोन्ही एकदम चढणं. चक्कर, घाम, धडधड, भीती. पहिल्या मात्रेनंतर त्या रात्री दुसरी घ्यायचीच नाही, हा नियम पाळला की हे टळतं.

वाढवण्याचा वेग: २०२१मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सहमतीने सुचवलेला नेहमीचा क्रम असा आहे. सुरुवात सीबीडी ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दर दोन-तीन दिवसांनी १० मिलिग्रॅमने वाढवत दिवसाला ४० पर्यंत. तेवढ्यावर उपयोग झाला नाही तर टीएचसी २.५ मिलिग्रॅम, आणि दर २ ते ७ दिवसांनी २.५ने वाढ. कमाल दिवसाला ४० मिलिग्रॅम. वयस्कर, अशक्त, खूप औषधं चालू असलेल्या माणसाला टीएचसी १ मिलिग्रॅमपासून. सीबीडीचा वेदनेवरचा पुरावा वर आलाच आहे, त्यामुळे पहिल्या पायरीकडून फार अपेक्षा ठेवू नये. आणि कमाल मात्रा गाठायलाच हवी असं मुळीच नाही. आराम मिळेल ती सर्वात कमी मात्रा, तिथेच थांबायचं.

तोंडात फवारायच्या नॅबिक्सिमॉल्सच्या एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी असतं. कॅनडात २००५मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या न्यूरोपॅथिक वेदनेसाठी त्याला सशर्त मान्यता मिळाली होती, इतरत्र ते मुख्यतः स्नायूंच्या ताठरपणासाठी वापरतात. पहिले दोन दिवस संध्याकाळी १, पुढचे दोन दिवस संध्याकाळी २, पाचव्या दिवशी सकाळी १ आणि संध्याकाळी २, अशा बेताने दोन आठवड्यांत चढत जायचं, कमाल १२. दोन फवाऱ्यांत निदान १५ मिनिटं. त्यात अल्कोहोल असल्याने एकाच जागी फवारत राहिलं तर तोंड आतून सोलवटतं, म्हणून जिभेखाली आणि गालाच्या आत आळीपाळीने. तोंड आलेलं असेल त्या जागी नाही. नवी बाटली हलवून आधी दोन-तीन फवारे कागदावर मारून बारीक तुषार येतो का पाहायचं, नाहीतर पहिली मात्रा अर्धवट पडते. आणि जेवणाच्या संदर्भात वेळ रोज तीच ठेवायची, कारण भरल्यापोटी औषध जास्त शोषलं जातं. एक दिवस उपाशीपोटी, एक दिवस जेवणानंतर असं केलं तर मात्रा न बदलताही परिणाम खालीवर होतो.

ज्यांना स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात सायकोसिसचा (भास-भ्रमांचा) आजार आहे, हृदयविकार अस्थिर आहे, जी स्त्री गरोदर आहे किंवा अंगावर पाजते आहे, त्यांच्यासाठी टीएचसी नाही. तरुण वयातही डॉक्टर हात आखडता घेतात, कारण मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. उठताना रक्तदाब पडून चक्कर येते, त्यामुळे पहिले काही दिवस रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं. मात्रा स्थिर होईपर्यंत वाहन नाही, आणि नंतरही गुंगी असेल त्या दिवशी नाहीच.

औषधजिज्ञासू:

अतिशय उपयुक्त. एक शेवटचं. हे रुग्ण सहसा आधीच प्रीगॅबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनवर असतात, ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे (चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या वेदनेचे) असतील तर कार्बामाझेपिनवर. त्यावर हे चढवलं तर काय होतं? आणि काही महिन्यांनी असर उतरतो असं म्हणतात, ते खरं का?

अर्धायुष्य:

प्रीगॅबालिन, गॅबापेंटिनसोबत गुंगी आणि तोल जाणं यांची बेरीज होते. वृद्धांमध्ये पडझडीचं कारण हेच ठरू शकतं. ॲमिट्रिप्टिलिन आणि टीएचसी दोन्ही हृदयगती वाढवतात, दोन्ही तोंड कोरडं करतात, तेव्हा सुरुवातीला नाडी मोजत राहा. दोन्हींची मात्रा एकाच आठवड्यात बदलू नये, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

कार्बामाझेपिन यकृतातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम वाढवतं, त्यामुळे टीएचसी आणि सीबीडी दोन्ही लवकर मोडतात. इथे औषध "लागूच पडत नाही" असं वाटून मात्रा वाढवत नेली जाते. पुढे कार्बामाझेपिन बंद झालं की काही आठवड्यांत तीच मात्रा जड होते. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात तर कार्बामाझेपिनच पहिलं औषध आहे, त्याची जागा कॅनाबिनॉइडला देऊ नये. सीबीडी स्वतः सीवायपी२सी१९ हे यकृतातलं एन्झाइम रोखतो, म्हणून क्लोबाझाम या अपस्मारावरच्या औषधाचा सक्रिय घटक साचून गुंगी वाढते. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा) चढू शकतो, तेव्हा सीबीडी सुरू करताना आणि मात्रा बदलताना तो तपासायलाच हवा. मोठ्या मात्रेत, विशेषतः व्हॅल्प्रोएट (अपस्माराचं औषध) चालू असताना, यकृताची एन्झाइम वाढतात.

असर उतरण्याबद्दल: रोज वापराने सीबी१ पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढला जातो. रोज गांजा ओढणाऱ्यांच्या पेट स्कॅनमध्ये मेंदूच्या सालीतले सीबी१ सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसले आणि चारेक आठवडे बंद ठेवल्यावर पूर्ववत झाले, असं २०१२मध्ये दिसून आलं. त्यामुळे आराम घटला तर लगेच मात्रा चढवण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती उतरवून पाहणं शहाणपणाचं. एकदम बंद केलं तर एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप उडणं, भूक मंदावणं सुरू होतं, पहिल्या आठवड्यात ते सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेकांत दोन आठवड्यांत निवतं. या दिवसांत वेदनाही वर येते. "बघा, औषधाशिवाय चालतच नाही" असा निष्कर्ष नेमका तेव्हाच काढला जातो. म्हणून नोंदवहीतला निकाल बंद केल्यावरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या आकड्यांवरून लावा आणि ते सुरू करण्याआधीच्या आठवड्याशी ताडून पाहा.

पृष्ठशृंग:

वरच्याशी सहमत, आणि त्यात एकच भर. ऑक्सफर्डच्या प्रयोगात तीव्रता फारशी हलली नाही, त्रासदायकपणा हलला. तेव्हा नोंदवहीत ० ते १०चे दोन वेगळे रकाने ठेवा, "किती दुखतंय" आणि "किती त्रास होतोय". एकच रकाना असेल तर पहिला आकडा सहावर अडकलेला दिसतो आणि झोप व चालणं सुधारलेलं असूनही औषध निकामी म्हणून बंद होतं. उलटंही घडतं. त्रास तीनवर आलेला, पण उभं राहण्याची मिनिटं आणि रात्रीची जाग पूर्वीइतकीच. अशा वेळी मात्रा वाढवायची नाही, कारण मिळालंय ते गुंगीचं सुख असू शकतं. चार आठवड्यांनी चारही रकाने (दुखणं, त्रास, रात्रीची जाग, ठरावीक काम) एकत्र वाचा आणि त्यांतला एकही हलला नसेल तर मात्रा उतरवत नेऊन थांबा.